एकवीस नंबर

वेळापत्रक काल रात्री आलं, पावणेअकराला.
चौदा सामने. सात इथे घोरपडीत, सात बाहेर.
फुलमनीनं लगेच कोइंबतूरभोवती लाल वर्तुळ काढलं,
तिथे मागच्या हंगामात चार खाल्ले होते आम्ही,
आणि हॉटेलातला पंखा रात्रभर खडखडत होता.

मीही मोजले.
आधी सगळे, मग त्यातले माझे.
दुसऱ्या मोजणीला वेळ लागला नाही.

सकाळी शब्बीरभाईंनी नव्या जर्सीचं पोतं सोडलं.
सगळ्यांना नव्या. मला तीच.
म्हणाले, "ताई, तुमची कुठे विटलीय? नवीच आहे की."
खरंच नवी होती.
पाठीवरच्या नावातलं एक अक्षर तेवढं उचकटलेलं,
त्यांनी वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली.
बसलं.

सात महिन्यांचा करार, पगाराचे तीन हप्ते,
मधला दरवर्षी उशिरा.
खिलारे सर म्हणतात, तयार राहायचं.
मी तयार राहते. एकोणतिसावं लागलं मला
तयार राहता राहता.

आप्पा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले,
आता दिवसभर मोबाइल पुसत बसतात.
"दाखवणार का गं सामने?"
"दाखवणार."
"तू दिसशील?"
"बाक दिसतो, आप्पा.
आपला गोल झाला की कॅमेरा बाकाकडे वळतो.
तेव्हा मी उभी असते."
त्यांनी तेवढ्यावर शेजारच्या तिघांना सांगून टाकलं.

तेवीस दिवस उरलेत.
पहाटे मैदानावर दव इतकं की मोजे लगेच जड होतात,
फाटकापलीकडे शेडमध्ये एखादं इंजिन
घसा साफ करत उभं असतं,
आणि सनातोंबी येऊन माझ्यापुढे हात धरते.
बोलत नाही.
कासारापुढे धरावा तसा, बोटं सैल सोडून.

डावी करंगळी. दोनदा निखळलेली.
ती बांधायचं काम माझ्याकडे कसं आलं
कुणाला आठवत नाही. फिजिओ बांधते ते सुटतं म्हणे.
मी बांधलेलं सुटत नाही.

खोटं कशाला बोलू,
परवा टेप फाडताना मनात आलं:
एक वेढा ढिला.
फक्त एक. कुणाच्या बापाला कळलं नसतं.
आलं ते आलं,
आणि ओट्यावर मांजर बसावं तसं बसलं.
मी लगेच हाकललंही नाही.
तिचं बोट माझ्या बोटांत होतं, गार,
नखाखाली अजून कालची माती.

मराठी तिला चारच शब्द येतं, चारही मी शिकवलेले.
घट्ट. सोड. मागे.
आणि चौथा, उंच क्रॉस आला की
गर्दीत उडी घेताना ओरडायचा:
माझा!
समोरच्या संघाला कळत नाही, आमच्या बचावफळीला कळतो.
मागच्या हंगामात ती तिथे ओरडायची
आणि इथे बाकावर माझे ओठ हलायचे.
एकदा आवाजही निघाला.
शेजारी बसलेल्या पोरीनं वळून पाहिलं,
मी पाण्याची बाटली उघडली.

तर, अडीच वेढे.
टोक दाबून बसवलं, अंगठ्यानं घासलं.
"घट्ट?"
ती बोट वाकवते, दोनदा, सरळ करते.
"घट्ट."
आणि ग्लोव्हज दातांत धरून गोलकडे पळते.

मी अठरा यार्डांवर चेंडू मांडते, ओळीनं बारा.
तिला गरम करायचं ते माझ्याच पायांनी.
पहिला हळू मारायचा असतो.
नाही मारला.
डाव्या वरच्या कोपऱ्यात, करंगळीच्या बाजूला,
सगळा हंगाम घालून मारला.

धुक्यातून आधी तो शब्द आला,
मग चेंडू धरल्याचा आवाज.